बाकी उरली, आता तिचं काय करायचं? भागाकाराच्या शाब्दिक उदाहरणांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चौथी-पाचवीचे पालक वही उघडून समोर धरतात आणि म्हणतात, "बाई, गणित तर बरोबर आहे, मग फुली का?" बहुतेक वेळा ते पान भागाकाराचं असतं. आकडेमोडीत खोट नसते, घोटाळा शेवटच्या ओळीत असतो. अशा वह्या बघताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर आले, ते इथे घेतले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण तिथेच खरी मेख आहे.

भागाकार बरोबर, ताळाही जुळतो. मग उत्तर चूक कसं?

उदाहरण असं होतं: सहलीला २१५ मुलं जाणार आहेत, एका बसमध्ये ४८ मुलं बसतात, तर किती बस लागतील? मुलाने भाग लावला. भागाकार ४, बाकी २३. ताळा केला: ४८ × ४ = १९२, अधिक २३, बरोबर २१५. खाली ऐटीत लिहिलं, "उत्तर : ४ बस."

आता त्या सहलीच्या सकाळी शाळेच्या फाटकाशी जाऊन उभे राहा. चार बस भरून निघून गेल्या आणि तेवीस मुलं डबे, पाण्याच्या बाटल्या घेऊन तिथेच उभी आहेत. आकडेमोडीत चूक नाही एवढंच ताळा सांगतो. फाटकाशी कोण राहिलं, ते त्याला दिसत नाही. उत्तर ५ बस.

शेजारच्या मुलीने लिहिलं होतं, "४ बाकी २३ बस लागतील." तिने निदान ती तेवीस मुलं लपवली नाहीत. पण 'बाकी २३' नावाची बस कुठल्या डेपोत मिळत नाही, म्हणून तिथेही फुली.

आमचंच मूल असं करतं की सगळीच करतात?

सगळीच करतात, सगळीकडे करतात. अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तेरा वर्षांच्या मुलांच्या राष्ट्रीय चाचणीत हाच प्रश्न होता: एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, ११२८ सैनिकांना न्यायचं आहे, बस किती लागतील? भागाकार ३१, बाकी १२. साधारण सत्तर टक्के मुलांनी भाग अचूक लावला. पण २९ टक्के मुलांनी उत्तर म्हणून "३१ बाकी १२" लिहिलं, १८ टक्क्यांनी नुसतं ३१ लिहिलं, आणि ३२ हे उत्तर आलं फक्त २३ टक्के मुलांचं.

त्याच सुमाराला फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या शिक्षकांनी मुलांना आणखी अतरंगी प्रश्न घातला होता: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ मुलांपैकी ७६ जणांनी दिलेल्या आकड्यांवरून कप्तानाचं वय काढून दिलं! मुलं बावळट नव्हती. गोष्टीतले आकडे शोधायचे, कोणती क्रिया करायची ते ओळखायचं, उत्तर काढून मोकळं व्हायचं, असं वर्षानुवर्षं शिकवलं की मेंढ्यांची बेरीज होऊन तिचं वय बनतं. आपल्याकडेही "एकूण दिसलं की बेरीज, उरले दिसलं की वजाबाकी, प्रत्येकी दिसलं की भागाकार" असल्या क्लृप्त्या शिकवल्या जातात. पहिल्या चाचणीपुरत्या त्या चालतात, पण त्यांची सवय मोडायला पुढे दोन वर्षं जातात.

मग बाकीचं करायचं काय? एक नियम सांगा.

एक नियम नाही, आणि असता तर त्याला अर्थ राहिला नसता. तोच भागाकार घेऊन बघा: ५० भागिले ८. भागाकार ६, बाकी २.

दिवाळीत तुम्ही ५० लाडू वळले आणि एका डब्यात ८ भरायचे आहेत. विकायला पूर्ण भरलेले डबे किती तयार होतील? ६. सगळे लाडू झाकून ठेवायचे तर किती डबे लागतील? ७. डबे भरून झाल्यावर परातीत घरच्यांसाठी काय उरेल? २ लाडू. आणि लाडवांऐवजी ५० मीटर दोरी असती, तिचे ८ सारखे तुकडे करायचे असते, तर प्रत्येक तुकडा सव्वासहा मीटर.

एकाच भागाकाराची चार उत्तरं झाली: सहा, सात, दोन, सव्वासहा. चारही बरोबर. मी मुलांना भाग लावण्याआधी शेवटचा प्रश्न मोठ्याने वाचायला लावते आणि विचारते, "उत्तर डबे येणार, लाडू येणार की मीटर?" हे कळलं की बाकीचं काय करायचं ते बहुधा मूल स्वतःच सांगतं.

'एक वाढवायचा' हे कधी ओळखायचं?

कुणीही मागे राहून चालणार नसेल तेव्हा. गावजेवणाला ४०० पानं आहेत, एका पंगतीला ६० पानं बसतात. सहा पंगती उठल्यावर चाळीस माणसं हात धुऊन ताटकळत असतात. सातवी पंगत मांडावीच लागते. तिच्यात वीस जागा रिकाम्या राहिल्या म्हणून वाढपी "नियमात बसत नाही" म्हणत नाही.

हा वाढवलेला एक कायद्यातसुद्धा आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९च्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांना तीन आणि ९१ ते १२० मुलांना चार शिक्षक असं सांगितलं आहे. ६१ भागिले ३० केलं तर भागाकार २, बाकी १. त्या एका बाकीपायी तिसरा शिक्षक येतो. पट मोजण्याच्या दिवशी शिक्षक एकेका मुलाच्या घरी का जाऊन येतात, त्याचं गणित हेच आहे.

'कमीत कमी किती लागतील' असं विचारलं तर बहुधा एक वाढतो आणि 'जास्तीत जास्त किती होतील' असं विचारलं तर बाकी सोडून देतात. पण हेही पाठ करून घेऊ नका, नाहीतर ती आणखी एक क्लृप्तीच होईल. कारण विचारा: बस कमी पडली तर मुलं राहतात, कापड कमी पडलं तर शर्ट होत नाही.

पण शाळेत शिकवलंय ना, अर्ध्यापेक्षा कमी असेल तर सोडा, जास्त असेल तर वाढवा?

ते आसन्न किंमत काढण्यासाठी, म्हणजे 'जवळपास किती' याचं उत्तर देण्यासाठी. इथे जवळपास चालत नाही. सहलीचं उदाहरण कॅल्क्युलेटरवर केलं तर ४.४७… येतं. शाळेचा तो नियम लावला तर ४ बस. तेवीस मुलं पुन्हा फाटकाशी.

आता उलटं बघा. ताग्यात ११ मीटर कापड उरलंय आणि एका शर्टाला सव्वादोन मीटर लागतं. भागल्यावर ४.८८… येतं. नियम म्हणतो ५, शिंपी म्हणतो ४. पाचव्या शर्टाला एक बाही कमी पडणार असेल तर तो जवळपास शर्ट होत नाही, कटपीस होतो. (किती उरलं? ४ × २.२५ = ९, म्हणजे २ मीटर उरलं. ०.८८ मीटर नव्हे. का, ते पुढे येतंच.)

'१९ बाकी ४' म्हणजे १९.४ असं लिहिलं तर चालेल का?

नाही, आणि हा घोळ मोठ्यांनीच घालून ठेवलेला आहे, म्हणून जरा सविस्तर.

क्रिकेटच्या फलकावर १९.४ षटकं असं दिसतं. ११८ चेंडू झालेत, ११८ भागिले ६, भागाकार १९, बाकी ४. फलकावरच्या त्या टिंबापुढे बाकी लिहिलेली आहे, दशांश नाही. मुलांना हे न शिकवता कळलेलं असतं: १९.५ नंतर १९.६ येत नाही, थेट २० येतं. तीच मुलं गणिताच्या वहीत मात्र "३ बाकी २ म्हणजे ३.२" लिहितात, कारण टिंब सारखंच दिसतं. १९ षटकं ४ चेंडू ही खरी १९ पूर्णांक ४/६, म्हणजे १९.६६… षटकं. धावगती काढताना हे हुकलं तर उत्तर बिघडतं. ११८ चेंडूंत १६० धावा म्हणजे षटकामागे ८.१४, पण कॅल्क्युलेटरवर १६० भागिले १९.४ केलं तर ८.२५ येतं. एखाद्या संघाचं पुढच्या फेरीत जाणं याहून कमी फरकावर अडलेलं आपण पाहिलं आहे.

घड्याळाचंही तेच. २०० मिनिटांचा सिनेमा म्हणजे किती तास? भागाकार ३, बाकी २०: तीन तास वीस मिनिटं. कॅल्क्युलेटर म्हणतो ३.३३, आणि मूल लिहितं "तीन तास तेहेतीस मिनिटं". साडेतीन तास म्हणजे ३.५, पण ३ तास ५० मिनिटं नव्हेत, हे एकदा घड्याळ हातात देऊन दाखवलं की पक्कं बसतं.

आणि जमीन. एका एकरात ४० गुंठे. ९० गुंठे म्हणजे भागाकार २, बाकी १०: दोन एकर दहा गुंठे. बोलताना ठीक आहे, पण कागदावर कुणी '२.१० एकर' लिहिलं की गडबड. दशांशाने वाचलं तर २.१० एकर म्हणजे ८४ गुंठे. खरं क्षेत्र २.२५ एकर, म्हणजे सव्वादोन. सहा गुंठ्यांचा फरक पडला. गुंठ्याला १०८९ चौरस फूट धरले तर ६५३४ चौरस फूट जागा त्या टिंबात गडप झाली, आणि आपल्याकडे अर्ध्या गुंठ्यावरून भाऊ भावाशी बोलत नाहीत. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, तिथे मात्र हा धोका नाही. १०० आरचा एक हेक्टर होतो, त्यामुळे १ हेक्टर २० आर आणि १.२० हेक्टर एकच. भाजक १० किंवा १०० असला की बाकी आणि दशांश जुळतात (शंभराला दोन घरं लागतात, ५ आर म्हणजे .०५). भाजक ६, १२, ४० किंवा ६० असला की जुळत नाहीत.

कॅल्क्युलेटर बाकी दाखवत नाही. ती कशी काढायची?

टिंबाआधीची पूर्ण संख्या घ्या, तिला भाजकाने गुणा, आलेलं भाज्यातून वजा करा. ४०० ÷ ६० = ६.६६… आलं, तर ६ × ६० = ३६०, आणि ४०० − ३६० = ४०. टिंबानंतरचे आकडे म्हणजे एका पंगतीचा किती भाग भरला ते. एका पंगतीचा दोन तृतीयांश भाग म्हणजेच ती चाळीस माणसं. शर्टाच्या उदाहरणात ०.८८ हा एका शर्टाचा भाग होता, मीटरचा नव्हे.

बाकीला एकक कोणतं लावायचं, हे नेहमी चुकतं.

भागाकार दोन कामांसाठी होतो आणि दोन्हीकडे आकडे सारखेच दिसतात. २० लाडू ६ मुलांत वाटले: प्रत्येकाला ३ लाडू, उरले २ लाडू. ही वाटणी. २० लाडू सहा-सहाने डब्यात भरले: ३ डबे झाले, उरले २ लाडू. हे गट पाडणं. पहिल्यात भागाकार आणि बाकी दोन्ही लाडूच आहेत. दुसऱ्यात भागाकार डबे आहेत आणि बाकी लाडू. म्हणून "३ डबे, बाकी २ डबे" असं उत्तर आलं की समजावं, मुलाने गोष्ट वाचलेलीच नाही.

लक्षात ठेवायला सोपं: वाटताना जे हातात घेतलं होतं, तेच उरतं. बाकीचं एकक नेहमी भाज्याचं.

बाकी शून्य आली तर तरी निश्चिंत राहायचं ना?

बहुधा हो. पण मला आवडणारं एक उदाहरण सांगते. बांधकामाची सळई साधारण १२ मीटर लांबीची येते. मिस्त्रीला ५ मीटरचे १२ अखंड तुकडे हवेत. एकूण लांबी ६० मीटर, ६० भागिले १२ बरोबर ५, बाकी शून्य. पाच सळया मागवल्या आणि काम अडलं. एका सळईतून पाच मीटरचे दोनच तुकडे निघतात आणि २ मीटरचा तुकडा उरतो. बारा तुकड्यांना सहा सळया लागतात. पाच सळयांत दहा तुकडे होतात, आणि दोन-दोन मीटरचे पाच तुकडे कोपऱ्यात पडून राहतात. त्यांची बेरीज दहा मीटर भरते, पण जोडून अखंड सळई होत नाही.

म्हणजे बाकी प्रत्येक सळईमागे उरत होती, आपण सगळ्यांची लांबी एकत्र करून ती झाकून टाकली. अकरा-अकरा मीटरचे दोन तागे असले तरी असंच होतं. २२ मीटरला भाग लावला तर ९ शर्ट, प्रत्यक्षात प्रत्येक ताग्यातून ४, म्हणजे ८. सहलीतही पाचवीची मुलं सहावीच्या बसमध्ये बसवायची नाहीत असं ठरलं, तर बसची संख्या बदलू शकते. उरलेलं एकमेकांत मिसळता येतं का, हा प्रश्न पाठ्यपुस्तकात क्वचितच येतो. व्यवहारात रोज येतो.

पैसे वाटताना पैशांपर्यंत जायचं का?

वहीत जा, गल्ल्यावर नको. १००० रुपये तिघांत वाटले तर ३३३ रुपये ३३ पैसे आणि वर एक पैसा उरतो. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. ५० पैसे कायद्याने चालतात, पण भाजीवालीला देऊन बघा. मोबाइलवरून पैसे पाठवताना मात्र ३३३.३३ पाठवता येतात, तेव्हा उत्तर रोख की मोबाइल यावरही अवलंबून आहे.

सात जणांचं हॉटेलचं बिल १२५० झालं. भागाकार १७८, बाकी ४. प्रत्येकाने १७८ दिले तर गल्ल्यावर चार रुपये कमी पडतात आणि सगळे एकमेकांकडे बघतात. शहाणी मंडळी १८० काढतात. १२६० जमतात, वरचे दहा वेटरला.

न तुटणाऱ्या वस्तूंना घरोघरी आपापल्या रीती असतात. २१ मोदक पाच जणांत वाटले तर चार-चार, उरला एक. आमच्याकडे तो धाकट्याला. उकडीचा मोदक पाच ठिकाणी तोडायचा विचार आमच्याकडे कुणी केलेला नाही.

"लहान संख्येला मोठ्या संख्येने भाग जात नाही" हे खरं आहे का?

तिसरीपुरतं. तीन भाकऱ्या आणि चार माणसं असली तर कुणी उपाशी उठत नाही, प्रत्येकाला पाऊण भाकरी मिळते. पूर्ण भाकऱ्याच मोजायच्या तर भागाकार ०, बाकी ३, हेही खरं. शिकवताना "भाग जात नाही" म्हणण्यापेक्षा "पूर्ण एक वाट्याला येत नाही" म्हणावं. पुढे अपूर्णांक शिकताना मुलाला आधीचं पुसून टाकावं लागत नाही.

खरं तर मराठीची यात मोठी सोय आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, हे आपल्या रोजच्या बोलण्यातले अपूर्णांक. जुन्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी पाठ केलेली होती, अगदी साडेतीनाची औटकीसुद्धा. त्या आजोबांना "सात भाकऱ्या दोघांत" विचारलं की ते "तीन, बाकी एक" म्हणायचे नाहीत, "साडेतीन" म्हणायचे. पाढे परत आणा असं माझं म्हणणं नाही, पण हे शब्द तरी मुलांच्या कानावर पडू द्या.

भागल्यावर उत्तर मोठं कसं येतं?

दहा लिटर दूध अर्ध्या लिटरच्या पिशव्यांत भरलं तर वीस पिशव्या होतात. १० ÷ ०.५ = २०. दूध वाढलं नाही, माप लहान झालं.

भागाकार नको, फक्त बाकीच हवी असं कधी होतं?

वार काढताना. आज सोमवार आहे, १०० दिवसांनी कोणता वार? १०० भागिले ७, भागाकार १४, बाकी २. चौदा आठवडे फिरून पुन्हा सोमवारीच येतात, त्यांचं काही काम नाही. उरलेले दोन दिवस पुढे मोजले की बुधवार. वर्षाच्या ३६५ दिवसांना ७ ने भागलं तर बाकी १, म्हणून तीच तारीख दरवर्षी एक वार पुढे सरकते. २०२५ मध्ये १५ ऑगस्ट शुक्रवारी होता, २०२६ मध्ये शनिवारी. मध्ये २९ फेब्रुवारी आला की दोन वार.

नुसत्या बाकीवरून मूळ संख्या शोधण्याचा नाद आपल्याकडे फार जुना आहे. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये त्यासाठी कुट्टकाची रीत दिली आणि पहिल्या भास्कराने ६२९ मध्ये त्यावरच्या भाष्यात असं कोडं घातलं: ८ ने भागल्यावर ५ उरतात, ९ ने भागल्यावर ४ आणि ७ ने भागल्यावर १, अशी सगळ्यात लहान संख्या कोणती? उत्तर ८५. पाचवीच्या मुलांना हे द्या. ५, १३, २१, २९ असं आठ-आठने चढत जाऊन ती शोधतात, आणि तेवढ्या वेळात भागाकाराचा जो सराव होतो तो एरवी दटावूनही होत नाही.

बातम्यांमध्ये राज्यसभेच्या निवडणुकीचा 'कोटा' सांगतात, तोही भागाकारच ना?

हो, आणि तिथे बाकी टाकायची असं नियमातच लिहिलेलं आहे. महाराष्ट्राचे २८८ आमदार, समजा सगळ्यांची मतं वैध आणि जागा ६. एकाहून जास्त जागा असल्या की प्रत्येक मताचं मूल्य १०० धरतात, म्हणजे एकूण २८,८००. त्याला जागांपेक्षा एकाने जास्त, म्हणजे ७ ने भागायचं: भागाकार ४११४, बाकी २. बाकी सोडा, भागाकारात १ मिळवा, ४११५. म्हणून पहिल्या पसंतीवरच निवडून यायला ४२ आमदार लागतात. ४१ जणांची मतं ४१०० वरच थांबतात.

सहा जागांना सातने का भागायचं? ४११४ वर जिंकता आलं असतं, तर सात जणांना २८,७९८ मतमूल्य पुरलं असतं आणि सहा जागांवर सात विजयी झाले असते. ४११५ ला सातने गुणलं की २८,८०५ होतात, तेवढी मतंच नाहीत. तो मिळवलेला १ सातव्याला दाराबाहेर ठेवतो.

मुलगी म्हणते, "चार बस आणि एक टेम्पो ट्रॅव्हलर." याला मार्क द्यावेत का?

तोंडी उत्तर असेल तर मी तिला खडू देऊन फळ्यापाशी उभी करते. तेवीस मुलांसाठी अख्खी बस का, हा विचार तिने केला आणि सहलीची वर्गणी गोळा करणारी माणसं हाच करतात. परीक्षेत मात्र ५ बस लिहायला सांगा. शिष्यवृत्तीच्या पेपरात पर्यायांत ४ आणि ५ दोन्ही असतील, टेम्पो नसेल.

औषधाच्या दुकानातही हेच. दिवसाला ३ गोळ्या, ५ दिवस, म्हणजे १५. दहाच्या स्ट्रिपने भागलं तर दीड. दुकानदार स्ट्रिप कापून देत असेल तर दीड, नाहीतर दोन. गणित तेच, दुकान बदललं.

उत्तर लिहायची पद्धत काय असावी?

भाग लावण्याआधी खाली उत्तराचं वाक्य लिहून मोकळी जागा सोडायची: "एकूण ___ बस लागतील." एवढंच. त्या जागेत "४ बाकी २३" लिहायला गेलं की मुलाचाच हात अडखळतो. भागाकार, बाकी, ताळा हे सगळं वर रीतीत येऊ द्या.

घरी सराव कसा घ्यावा? पुस्तकातली उदाहरणं संपली.

उलटा खेळ खेळा. मुलाला गणित देऊ नका, उत्तर द्या. "३० भागिले ४, भागाकार ७, बाकी २. आता अशी गोष्ट सांग की उत्तर ८ येईल." मग उत्तर ७ येणारी, मग २, मग साडेसात. पहिल्या दिवशी बहुतेक मुलं ७ वर अडतात. आमच्याकडच्या एकाने साडेसाताची गोष्ट केली ती अशी: ३० पुरणपोळ्या, चार मामा. ८ साठी त्याने रिक्षा घेतल्या, एका रिक्षात चौघं. त्याला म्हटलं, मीटरच्या रिक्षात तिघंच बसतात. तो म्हणाला, "बाई, चौथा ड्रायव्हरशेजारी." मग तीनने भाग लावायला सांगितला, बाकी शून्य आली, आणि तो हिरमुसून म्हणाला की आता गोष्टच उरली नाही.